लेकीच्या दुधावर घेतलेली सही

बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

ताईचे आशीर्वाद. घरी सगळे खुशाल असाल. आमची खुशाली तू काल स्वतःच येऊन बघून गेलास, म्हणून ती लिहीत नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कोर्टात तीस वर्षं स्टेनो म्हणून काढलेल्या बाईला पत्राची याहून गोड सुरुवात सुचत नाही, तेव्हा चालवून घे. या वेळेला मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. याच वेळेला तू तुझ्या कारखान्याच्या वकिलाला घेऊन माझा जिना चढलास, आणि तुम्ही दोघं माझ्या लेकीच्या खाटेपाशी खुर्च्या ओढून बसलात. तिला बाळंत होऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. ती बाळाला अंगावर पाजत होती. दारावर टकटक करून जरा थांबावं, एवढंही तुला सुचलं नाही. वकील म्हणे सगळा वेळ भिंतीकडे बघत होता. निदान एक तरी माणूस घरून काही शिकून आला होता.

आता तू बायकोला म्हणशील, मधे एक भिंत आणि एक फाटक, एवढ्यासाठी ताईने पोस्टाचं तिकीट कशाला लावलं? सांगते. समोर येऊन बोललं की तू हसतोस. लहानपणी माझी दौत सांडलीस तेव्हाही हसलास आणि आईने माझ्याच पाठीत धपाटा घातला. तुझं वय साठीला आणि वजन शंभरीला टेकलं तरी ते हसू तेवढंच आहे आणि त्याच्यापुढे माझं अजूनही काही चालत नाही. कागदाला हसून बघ, काय उपयोग होतो का.

तर सही. मी परत आले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात आणि टेबलावर दुधाच्या पावडरीचे डबे रचून ठेवले होते, दुकानात रचतात तसे. लेक म्हणाली, "मामा आला होता. डबे देऊन गेला."

"आणि?"

"एका कागदावर सही हवी होती त्याला."

"काय लिहिलं होतं?"

"आई, बाळ रडत होतं."

"मी बाळाचं नाही विचारलं. कागदाचं विचारलं."

मग तिने जे सांगितलं ते मी लगेच उतरवून घेतलं, सवयच आहे. तिच्या दुधात जे शिसं सापडलं ते तिची ओठांची लाली, केसांचा रंग किंवा घरातली जुनी भांडी यांतून आलेलं असू शकतं, हे तिला मान्य आहे. शेजारच्या कारखान्याविरुद्ध तिची काहीही तक्रार नाही. बाळासाठी दुधाची पावडर मिळाली, ती तिने आनंदाने घेतली. आनंदाने! हा शब्द वकिलाचा की तुझा?

बारक्या, ही मुलगी स्वतःच्या लग्नात लाली लावून घ्यायला तयार नव्हती. तुझ्याच बायकोने तिच्यामागे घरभर पळून पळून शेवटी नाद सोडला. केस तिने आजवर रंगवलेले नाहीत. पांढरे झालेत तेही तसेच मिरवते. भांड्यांचं म्हणशील तर तिच्या संसारात सगळं स्टीलचं आहे आणि माझी जुनी भांडी मी आई गेल्यावर तुलाच दिली. ती तू भट्टीत घातलीस की माळ्यावर, तुझं तुला माहीत.

न वाचता सही का केलीस म्हणून मी तिला बोलले. फार बोलले. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर न वाचता सही करणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं करायच्या, तेही ऐकवलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या सिस्टरांना कधी पाजताना कोणी सही मागितली होती का?"

तुला सगळं ठाऊक असताना पुन्हा लिहिते, कारण तू ऐकलं नाही असं म्हणायची सोय ठेवायची नाही. आरोग्य केंद्रात ती लहान मुलांची डॉक्टर आहे ना, चष्मेवाली, कारखान्याच्या आसपासच्या मुलांची पोटं सारखी दुखतात आणि वजनं वाढत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. तिने चार बाळंतिणींचं दूध तपासायला पाठवलं. चौघींच्या दुधात शिसं निघालं. ते चौघींच्या घरी आभाळातून पडलेलं नाही. बाबांनी भिंतीपलीकडे बॅटऱ्या दुरुस्त करायची शेड टाकली, तू तिचा कारखाना केलास. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, त्याच्या लगडी ओतून विकायच्या. ते वितळताना जे उडतं ते माझ्या खिडकीच्या कठड्यावर येऊन बसतं. सकाळी ओल्या फडक्याने पुसलं की दुपारी बोटाने नाव लिहिता येईल इतकं परत जमतं.

लेकीने डॉक्टरला विचारलं, मी तर लग्नानंतर इतकी वर्षं दूरच्या गावात होते, बाळंतपणाच्या थोडं आधी आईकडे आले, मग माझ्यात कुठून आलं? डॉक्टर म्हणाली, लहानपणी अंगात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं गप्प बसतं. बाई पाजायला लागली की दुधासाठी शरीर हाडांतून खनिज काढतं, त्याबरोबर तेही बाहेर येतं.

म्हणजे आमच्या अंगणात ती सागरगोट्यांसारखे शिशाचे तुकडे खेळायची, ते दिवस आज तिच्या बाळाला पाजले जाताहेत. ते तुकडे तिला कोण आणून द्यायचं ते मी लिहीत नाही. तिचा लाडका मामा होता.

तू दुष्ट माणूस असतास तर मला हे पत्र लिहायला अर्धाच वेळ लागला असता. पण तू तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलास. पाळणा स्वतःच्या खांद्यावर घेऊन धापा टाकत माझा जिना चढलास. आणि त्याच जिन्याने काल वकिलाला घेऊन आलास. मला या दोन माणसांचा मेळ घालता येत नाही.

आता डब्यांबद्दल. पावडर कशात कालवायची? पाण्यात. पाणी कुठलं? माझ्या नळाला आणि तुझ्या कारखान्याला एकाच बोअरचं पाणी येतं. डॉक्टरने तेही तपासलं. ती म्हणाली, या पाण्यात कालवलेल्या पावडरीपेक्षा आईचं दूध बरं. पाजणं आपल्या मनाने तोडू नका, बाळाचं रक्त बघू मग ठरवू, तोवर पाणी बाहेरचं आणा, धूळ ओल्या फडक्यानेच पुसा, आणि जमेल तितक्या लवकर इथून निघा. ती लेकीला हे समजावून गेली सोमवारी. मंगळवारी तू येऊन तिला सांगितलंस, "बेटा, आता विषाची परीक्षा कशाला? डबे आहेत ना." विष हा शब्द तू वापरलास. कालपासून ती बाळाला जवळ घेत नाही. दूध पिळून मोरीत टाकते आणि वर पाणी सोडते. बाळाला डब्याचं दूध बाटलीतून द्यायचं ठरलं, तर ते बाटलीकडे बघून तोंड फिरवतं, आणि आईच्या अंगाचा वास आला की आकांत करतं. म्हणून ती दुसऱ्या खोलीत बसते. दार लावून.

पाणी मी बाहेरून कॅनचं मागवते. तो माणूस कॅन खालीच ठेवतो. माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे.

बाकी सगळं ठीक. जावयाचा फोन आला होता, जहाज अजून लांब आहे, हिवाळ्याआधी त्याला सुट्टी नाही. त्याला आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. समुद्राच्या मधोमध माणूस काय करणार?

तुझा नातू कसा आहे? माझ्या नातवापेक्षा तो जेमतेम महिन्याने मोठा, म्हणजे आता मान धरत असेल. नीट पितो ना? पोट साफ होतं का त्याचं? सूनबाई अंगावरच पाजते, नाही का? चेहरा फिका वाटला मला तिचा परवा फाटकात दिसली तेव्हा. आणि सहज विचारते, तुझे आणि तुझ्या मुलाचे कारखान्यातले कपडे हल्ली कोण धुतं? बाई लावलीय का?

त्या चार बायकांत एक माझी लेक. एक भट्टीवाल्याची बायको. एक रस्त्यापलीकडच्या शिंप्याची. चौथी कोण ते मला विचारू नकोस.

तो कागद मला परत हवा. वकिलाकडे असेल तर वकिलाकडून आणून. लाली वगैरे तू स्वतःच्या हातांनी खोडून, खाली तुझी सही करून. तूर्त एवढंच.

तुझी,
ताई


सोमवार, १४ ऑक्टोबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. पत्राला पहारेकऱ्याच्या तोंडून उत्तर द्यायची ही पद्धत मी कोर्टातसुद्धा पाहिली नव्हती.

बिचारा दारात उभा राहून टोपी फिरवत होता. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, ताईंनी चिडू नये. ताईंच्या दोन्ही खोल्यांत एसी बसवून देतो. मग खिडक्या उघडायची गरजच नाही."

मी म्हटलं, "आणि कागद?"

"कागदाचं काही बोलले नाहीत."

"आणि पाणी?"

"ताई, मी गेटवरचा माणूस. मला गेटबद्दल विचारा."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याला आत बोलावून चहा दिला, कॅनच्या पाण्याचा. त्याने विचारलं, "पाणी कॅनचं का?" मी सांगितलं. तो कप खाली ठेवून म्हणाला, "आम्हाला तर गेटवर नळाचंच असतं." मग उरलेला चहा त्याने फार सावकाश प्यायला.

दुसऱ्या दिवशी तुझा एसीवाला आला. खिडक्यांची मापं घेतली, फटी बुजवायला काय लागेल ते फोनवर कोणाला तरी सांगत होता. लेक पाळण्याजवळ बसून त्याच्याकडे बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "लोणच्याची बरणी बंद करतात ना, तसं वाटलं." मी त्याला परत पाठवायला खाली गेले तर तो गाडी घेऊन गेला होता. एसी आला तर मी जिन्यात ठेवून घेईन. भिंतीला हात लावू देणार नाही.

इथून जायचंही बघून झालं. घराचा दलाल आला होता. गोड बोलत जिना चढला, खोल्या प्रशस्त आहेत म्हणाला, उजेड छान आहे म्हणाला, आणि मग मागच्या खिडकीशी गेला. समोर तुझं धुरांडं. त्याने मागितलेला पाण्याचा पेला हातात होता, तो तसाच कठड्यावर ठेवला. जाताना म्हणाला, "मावशी, बघतो मी. कोणी असलं तर कळवतो." चप्पल घालण्याआधी तळपाय पुसले त्याने. पाहिलं मी.

माझी एक जुनी मैत्रीण, माझ्याबरोबर कोर्टात होती ती, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. मी लेकीला म्हटलं, चल, बाळाला घेऊन आपण तिकडे राहू, निदान तुझं दूध त्याला निर्धास्त देता येईल. ती मला म्हणाली, "खोली बदलेन, आई. हाडं कुठे ठेवून येऊ?"

मी कोर्टात खून, दरोडे, घटस्फोट सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवलंय, पण हात थांबला नव्हता कधी. काल थांबला. मी कांदा चिरत होते, सुरी तशीच राहिली.

बाळाच्या रक्ताचा निकाल आला. डॉक्टर स्वतः घरी आली. रक्तात शिसं आहे, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. ती म्हणाली पाजा, माझं ऐका, दूध सोडू नका, घर सोडा. लेक मान हलवते. डॉक्टर गेली की बाळाला जवळ घेते, झबलं सरळ करते, आणि छातीशी नेता नेता परत मला देते. म्हणते, "सही केलीय मी, आई. आता पाजलं आणि काही झालं तर म्हणतील, हिला ठाऊक होतं." पाहिलंस? तुझ्या वकिलाने ज्यासाठी कागद केला ते होईल तेव्हा होईल. त्याआधीच त्या कागदाने माझ्या नातवाचं दूध तोडलं. डब्याचं दूध मी चमच्याने पाजते, ते रडत रडत थोडंफार गिळतं. परवा तिच्या अंगात ताप भरला, छाती दगडासारखी झाली. दूध येतंच आहे. त्याला कोणी सांगितलं नाही ना की आता नको.

इथवर मी मांडलं ते तुला थोडंफार माहीत होतं. आता पुढचं. हे लिहायचं नव्हतं मला, म्हणून एसीवाला, दलाल आणि चहा सगळं आधी लिहून घेतलं.

काल दुपारी तू आणि तुझी बायको झोपला होतात तेव्हा तुझी सून मागच्या जिन्याने वर आली. बाळाला दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. मला वाटलं लेकीला भेटायला आली. दोघींची बाळं शेजारी शेजारी ठेवली, ती एकमेकांकडे बघून पाय मारायला लागली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग तिने दाराला कडी घातली.

"आत्या, चौथी मी आहे."

मला ते आधीच माहीत होतं, बारक्या. आरोग्य केंद्रात ती माझ्या लेकीबरोबरच गेली होती. कोणाला सांगू नका असं मला म्हणाली होती, म्हणून गेल्या पत्रात मी तुला पोटाचं विचारलं, कपड्यांचं विचारलं, आणि वाट पाहिली की तू निदान एक प्रश्न उलटा विचारशील. ताई, असं का विचारतेस? एवढाच. तू एसी पाठवलास.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की चौघींत तिचा आकडा सगळ्यात मोठा आहे. भट्टीवाल्याची बायको, जिचा नवरा दिवसभर त्या आगीसमोर उभा असतो, तिचा सगळ्यात लहान. डॉक्टरला पटेना. तिने तुझ्या सुनेला विचारलं, "तुम्ही कारखान्यात काम करता का?" ती म्हणाली, "नाही हो, मी घरात असते. आमचाच कारखाना आहे."

मग दोघींनी बसून विचार केला आणि उलगडा झाला. गेल्या वर्षी तपासणी झाली तेव्हा तुला कामगारांसाठी न्हाणीघर आणि धुण्याचं मोठं यंत्र बसवावं लागलं. कामाच्या कपड्यांत कोणी फाटकाबाहेर पडायचं नाही, अंघोळ करून घरचे कपडे घालून जायचं. चांगला नियम. भट्टीवाला तो पाळतो, म्हणून त्याची बायको त्यातल्या त्यात वाचली. पण त्या यंत्रात तुझे आणि तुझ्या मुलाचे कपडे कसे जाणार? मालकांचे कपडे कामगारांच्या कपड्यांत घोळायचे? तुझ्या बायकोने नाक मुरडलं आणि तू होकार दिलास. तेव्हापासून दोघांचे कपडे संध्याकाळी पिशवीतून घरी येतात. शिवाय कुठल्याच यंत्रात कॉलरचा मळ निघत नाही, असं तुझ्या बायकोचं मत. म्हणून सून ते आधी गॅलरीत झटकते. चांगले झटकते, कारण धूळ बादलीत आली तर पाणी काळं होतं आणि सासूबाई परत धुवायला लावतात. मग टपात भिजवून हाताने घासते. सातव्या महिन्यात असतानाही घासत होती. आणि तुझा मुलगा संध्याकाळी घरात शिरला की बूट काढायच्या आधी पोराला उचलून छातीशी धरतो. प्रेमळ आहे तुझ्यासारखाच. न्हाणीघर कामगारांसाठी आहे ना.

तुझा इतका मोठा कारखाना, धुरांडं, भिंत, वकील, आणि सगळ्यांत जास्त शिसं कुठे पोचलं? तुमच्या मोठेपणाची पिशवी धरून थेट तुझ्या नातवाच्या तोंडात.

आता आणखी एक लिहिते, ते तुझ्याविरुद्ध नाही. तिने आकडा सांगितला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. हो. ती पोर समोर रडत होती आणि माझ्या मनात आलं, आता कळेल याला. अगदी गोड वाटलं, खडीसाखर तोंडात विरघळावी तसं. मग तिचं बाळ शिंकलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला माझीच इतकी शिसारी आली की उठून गॅलरीत जावं लागलं. गॅलरीचं दार उघडलं तर तुझी धूळ आत आली. परत बंद केलं. शिसारी घेऊन उभं राहायलाही या घरात जागा नाही.

परत आले तेव्हा लेक तिला विचारत होती, "दादाला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, बाबांना विचारून सांगतो."

"काय विचारून सांगतो?"

"ते नाही म्हणाले."

तिच्या आईवडिलांकडे जाऊन राहा म्हटलं, तर म्हणाली, काय सांगून जाऊ? सासरच्या घरात कपडे धुतले म्हणून आले? खरं सांगितलं तर कारखान्याची बदनामी घराबाहेर नेली म्हणतील, खोटं सांगितलं तर चार दिवसांत परत बोलावतील. मी म्हटलं, मग मी लिहू का बारक्याला? ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाली, "लिहा, आत्या. माझं नाव घालून लिहा. मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही." आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली.

"आत्या, बाबा माझ्याकडे पण तो कागद घेऊन येतील का? मी लाली लावते, आत्या. मी लावते."

बारक्या, तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती कारखान्याची नव्हती, शिशाचीही नव्हती. तुझी होती. तिला खरंच वाटत होतं की आता तिला पकडता येईल, कारण लग्नात, वाढदिवसाला आणि तुमच्या घरी पाहुणे आले की ती ओठांना लाली लावते. ती कडी काढून निघून गेली. कपडे वाळत घालायचे होते.

भट्टी बंद कर म्हणणं मला सोपं आहे आणि तुला अवघड, हे मला कळतं. तीस घरं तिच्यावर चालतात, त्यात या पहारेकऱ्याचं आणि शिंप्याच्या धाकट्या भावाचंही आहे. मी काही तुझ्या फाटकाला कुलूप घालायला आलेली नाही. पण जोवर ही धूळ अडवायची सोय होत नाही आणि पाणी दुसरीकडून येत नाही, तोवर ती आग थंड ठेव. तीस घरांत बाळं नाहीत असं तुला वाटतं का? तुझं स्वतःचं घर त्यात धरून एकतीस.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते, आणि तू ते मोठ्याने तुझ्या बायकोसमोर वाच.

माझ्या लेकीकडून घेतला तसा दुसरा कागद कर. शब्द तेच ठेव. लाली, केसांचा रंग, जुनी भांडी, आनंदाने. वकिलाला सोबत घे. सून पाजत असेल तेव्हा तिच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बस, तुझा पेन तिच्या हातात दे आणि तिची सही घे. मला बोलाव, मी भिंतीकडे बघत उभी राहीन. हे तुझ्याने झालं तर माझ्या लेकीचा कागद तुझ्याकडेच ठेव, मी पुन्हा मागणार नाही, आणि एसीही लावून घेईन.

आणि हे होणार नसेल, तर का होणार नाही ते लिही. स्वतःच्या हातांनी लिही. वकिलाने लिहिलेलं, पहारेकऱ्याने सांगितलेलं, फोनवरचं, डब्यावर चिकटवलेलं काही चालणार नाही. त्याच कागदावर खाली भट्टी कोणत्या दिवशी विझेल ते घाल. सुनेला आणि नातवाला तिच्या आईवडिलांकडे पोचवायला गाडी कधी निघेल ते घाल, आणि ती तुझ्या परवानगीने चालली आहे हेही तुझ्याच अक्षरात घाल, म्हणजे तिला काही सांगावं लागणार नाही. सही पूर्ण कर, नुसती आद्याक्षरं नकोत.

शनिवार, १९ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तो कागद माझ्या हातात यायला हवा. तू स्वतः घेऊन आलास तर चहा करीन. पाच वाजून गेले तर सोमवारी सकाळी आम्ही तिघी दोन बाळांना घेऊन आरोग्य केंद्रात जाणार आहोत. त्या दोघी डॉक्टरपुढे जबाब देतील आणि टाइप मी करीन. जबाबात माझा हात एका शब्दाने पुढेमागे होत नाही. तुझं नाव आलं की मला तेही पूर्ण टाइप करावं लागेल. बारक्या म्हणून तिथे चालत नाही.

माझ्या लेकीची, तुझ्या सुनेची, आणि शनिवारी पाचपर्यंत तुझीसुद्धा,
ताई